तांदळात लिहिलेलं नाव

चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत हजेरी घेतली. पटावर काय काय नावं यायची. आजोबांच्या हौसेची, टीव्हीवरच्या मालिकेतनं उचललेली, दाखल्यावर कारकुनानं चुकवून ठेवलेली. मी एकही नाव कधी चुकीचं उच्चारलं नाही. पोराचं नाव मोडूनतोडून घेतलं की ते पोर वर्गात परक्यासारखं बसतं, असं माझं मत होतं आणि नव्या शिक्षिकांना ते मी न विचारता ऐकवायचे. एवढं ज्ञान पाजळून मी निवृत्त झाले, आणि त्यानंतर माझ्या घरात जी सून आली तिचं नाव मात्र मी एकदाही घेतलं नाही. मला ते घेताच येत नव्हतं.

सून जॉर्जियाची. मुलगा डॉक्टर व्हायला तिकडं गेला होता. सहा वर्षांनी डिग्री घेऊन आला आणि पुढच्या वर्षी हिला घेऊन आला. लग्न पुण्यात रीतसर नोंदणी करून झालं, कारण तेव्हा त्याची नोकरी तिथं होती. हिचं नाव तसं लहानच, पण सुरुवातीलाच एक जोडाक्षर. आणि ते असं, की आपल्या बाराखडीतली ती दोन अक्षरं एकमेकांशेजारी बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आडनाव लांबलचक, शेवटी 'श्विली'. जन्मभर पोरांना जोडाक्षरं शिकवलेली मी, पण तिच्या नावाच्या उंबऱ्यातच माझी जीभ ठेचकाळायची.

मग लग्नानंतर दोघं कोल्हापूरला घरी आली तेव्हा मी परंपरा पुढं केली. आमच्याकडं नवी नवरी माप ओलांडून आत आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. तांदूळ माझ्या माहेरचे, राधानगरीकडचे. भावानं त्यासाठी मुद्दाम पाठवले होते. नाव मी निवडलं होतं. गोड, तीन अक्षरी, एकही जोडाक्षर नसलेलं. ते इथं लिहीत नाही आणि तिचं खरंही लिहीत नाही. या सगळ्या प्रकारात नावांनी घातला तेवढा घोळ पुरे. मुलानं माझ्याकडं जरा नापसंतीनं पाहिलं, पण एवढ्या बायकांत काही बोलला नाही. त्यानं नाव लिहिलं. तिनं वाकून पाहिलं, काय लिहिलंय विचारलं, आणि त्यानं सांगितल्यावर लगेच ते अचूक म्हणून दाखवलं. बायकांनी कौतुक केलं. मी गल्लीभर पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर नावही वाटलं.

वर्षभरानं मुलाला कोल्हापुरातल्याच दवाखान्यात नोकरी मिळाली आणि दोघं आमच्याजवळ राहायला आली. त्यालाही आता दोन वर्षं झाली. ती या घरात इतकी पटकन मिसळली, की त्याचं श्रेय कुणाला द्यावं यावर आमच्यात अजून वाद आहे. आमचे हे म्हणतात, श्रेय त्यांचं. झालं असं, की आमच्या घराण्यात सासऱ्याला 'मामा' म्हणतात आणि सासूला 'आत्या'. पहिल्याच दिवशी मी तिला ते सांगितलं, तर ती एकदम टाळी वाजवून हसायला लागली. तिच्या भाषेत 'मामा' म्हणजे बाप. आईला काहीतरी वेगळंच म्हणतात, पण बापाला मामा. सासऱ्याला बाप म्हणायचं तर तिला नवीन काहीच शिकायला नको होतं. ह्यांनी त्या दिवसापासून छाती काढून चालायला सुरुवात केली. माझ्या वाट्याला आलेलं 'आत्या' तिला शिकावं लागलं.

मराठी तिला मी शिकवायला घेतली होती, अगदी 'कमल नमन कर'पासून. पण माझ्याआधीच तिला एक गुरू भेटला. आमच्यापासून दोन घरं सोडून एक म्हातारी मावशी राहतात. पेठेत राहूनही त्यांनी अजून दोन म्हशी ठेवल्यात. सून सकाळी दुधाची किटली घेऊन जायची आणि तासाभरानं यायची. पुढं धार काढायलाही शिकली. परत यायची ती नव्या शब्दांसकट. महिनाभरात 'होय'चं 'व्हय' झालं, 'नाही'चं 'न्हाय' झालं, आणि एक दिवस स्वयंपाकघरातनं हाक मारली तर "आलो की आत्या" असं उत्तर आलं. कोल्हापुरात बायका सर्रास आलो, गेलो म्हणतात, ते मी चौतीस वर्षं लाल पेनानं खोडत आले होते. तिलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, मावशी असंच म्हणतात. झालं, विषय संपला.

हे सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं असताना, सरकारच्या लेखी आपल्या घरात एक परदेशी नागरिक राहते, हे आम्ही साफ विसरून गेलो होतो. आठवण झाली ती तिच्या रहिवासी परवान्याची मुदत संपत आली तेव्हा. आधीचा परवाना पुण्याच्या पत्त्यावर होता. आता मुदतवाढ कोल्हापूरच्या पत्त्यावर मागायची होती.

अर्ज ऑनलाइन असतो. मुलानं दोन रविवार घालवले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो हवा, म्हणून माझी नवी कोरी पांढरी चादर भिंतीवर ठोकली. तीही खिळ्यानं. विजेचं बिल ह्यांच्या नावावर असल्यानं 'ही आमच्याकडं राहते' असं पत्र ह्यांनी द्यायचं होतं. ह्यांनी साखर कारखान्यात हयातभर ऑफिसात काम केलेलं, त्यामुळं पत्र म्हटलं की अंगात येतं. 'सदर व्यक्ती आमचे घरी आनंदाने राहत आहे' असं त्यांनी लिहिलं. मुलगा म्हणाला, 'आनंदाने' काढा, सरकारला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. हे म्हणाले, मला आहे. शब्द राहिला.

सगळे कागद गेले. आता स्थानिक पोलीस घरी येऊन चौकशी करतील, ती खरोखर इथं राहते का पाहतील आणि तसा अहवाल पाठवतील, एवढंच उरलं होतं. मी रोज बैठकीची खोली आवरून ठेवत होते. आणि नेमके ज्या मंगळवारी आम्ही चौघंही माझ्या भावाकडं गुऱ्हाळावर गेलो, त्याच मंगळवारी हवालदार आले. घराला कुलूप.

पुढचं मला नंतर गल्लीनंच सांगितलं. हवालदार नुकतेच आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापूरहून बदलून आलेले, आमच्या भागाला नवे. घर बंद पाहून ते समोरच्या शिवणाच्या दुकानात गेले. तिथले चाचा आमच्या तीन पिढ्यांचे कपडे शिवत आलेत; माझी लग्नातली चोळीसुद्धा त्यांच्या वडिलांनी शिवलेली. हवालदारांनी कागदावरचं नाव आणि आडनाव वाचून दाखवलं. वाचताना त्यांचीही बोबडी वळली असणार. चाचांनी मान हलवली. असल्या नावाचं इथं कुणी नाही. मग हवालदारांनी विचारलं, या घरात कुणी परदेशी बाई राहते का. आता पोलीस एखाद्याच्या घराबद्दल विचारायला लागले की आमची गल्ली तोंडाला कुलूप लावते, मग ज्याच्याबद्दल विचारलं ते माणूस आत तांदूळ निवडत बसलेलं का असेना. चाचा म्हणाले, म्हातारा-म्हातारी, मुलगा आणि सून राहतात, बास.

हवालदार माणूस कामाचा पक्का. एकावर विश्वास न ठेवता ते मावशींच्या गोठ्यापर्यंत गेले. मावशींनी तर निकालच लावला. परदेशी म्हणजे पिवळ्या केसांची, असं त्यांचं पक्कं मत. आमची सून काळ्याभोर केसांची, वेणी घालणारी. तिच्या वहीतली अक्षरं त्यांनी पाहिली होती, गोलगोल, जिलबीसारखी. त्यावरनं ती कर्नाटकाच्या पल्याडची कुठलीतरी आहे असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि त्यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं. आमच्याकडं सोयरिकी निपाणी-बेळगावच्या पुढंही होतात. मावशींनी हवालदारांना सांगितलं, "परदेशी-बिरदेशी कोण न्हाय हितं. समदी घरचीच हाईत."

आणि हवालदारांनी अहवालात लिहिलं, की सदर नावाची व्यक्ती सदर पत्त्यावर राहत नसल्याचे शेजाऱ्यांकडून समजले.

गुरुवारी मुलाला परवान्याच्या कचेरीतनं फोन आला. अहवाल प्रतिकूल आहे, अशा अहवालावर मुदतवाढ देता येणार नाही, खुलासा द्या, फेरचौकशी करू. बोलणारा सभ्यपणे बोलत होता, पण परवान्याला बारा दिवस उरले होते. तोवर अहवाल सुधारला नाही तर तिला देश सोडावा लागणार होता. मग तिकडून नव्यानं व्हिसा, नव्यानं सगळं, आणि त्याला किती महिने लागतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.  ती शांत होती. भाकरी थापताना तिचा हात थांबला नाही, पण त्या दिवशी तिनं दोन भाकरी करपवल्या, आणि तिच्या हातून भाकरी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

माझा राग आधी गल्लीवर निघाला. तशीच चप्पल घालून चाचांच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना झापलं. रोज डोळ्यांसमोरनं जाते-येते ती, दर सणाला ब्लाऊज शिवता तिचे, आणि राहत नाही म्हणून सांगता? चाचांनी मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर चढवला. खणातनं मापांची वही काढून माझ्यापुढं धरली. तिच्या मापांवर मी पेढ्याबरोबर वाटलेलं तीन अक्षरी नाव होतं.

"बाई, मला ह्ये नाव ठावं हाय," ते म्हणाले. "दुसरं हाय ह्ये तुम्ही कवा सांगितलासा?"

 करायला गेले एक आणि झालं एक. गल्लीचा दोष नव्हता, हवालदारांचा नव्हता. ज्या नावानं सरकार तिला ओळखतं ते नाव मीच या गल्लीत येऊ दिलं नव्हतं. आणि परंपरा वगैरे बोलायला ठीक, खरं कारण माझ्या जिभेचा आळस. आयुष्यात पहिल्यांदा मी पटावरचं नाव चुकवलं होतं, आणि ते नेमकं घरातलं.

घरी आले. ती लसूण सोलत बसली होती. मी समोर बसकण मारली आणि म्हटलं, मला तुझं नाव शिकव.

तिला आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं लसूण बाजूला सारला आणि हळूहळू नाव म्हटलं. मी म्हटलं. तिनं मान हलवली. पुन्हा म्हटलं. मधे मी नकळत एक स्वर घालत होते, अगदी पहिलीतली पोरं घालतात तसा. मी पोरांना सांगायचे, मधे श्वास घेऊ नका, दोन्ही अक्षरं एका दमात. तिनं मला तेच सांगितलं. आठव्या-नवव्यांदा कुठं जमलं. ती म्हणाली, "बरोबर हाय." एवढ्या वर्षांत मी हजारो पोरांना 'बरोबर' म्हटलं असेल, ते ऐकायला इतकं छान लागतं हे मला माहीत नव्हतं. मग आडनाव. शेवटच्या 'श्विली'चा अर्थ विचारला तर म्हणाली, लेकरू. अमक्याचं लेकरू, असं आडनाव असतं त्यांच्याकडं.

मी विचारलंच तिला. नाव बदललं तेव्हा वाईट वाटलं होतं का. ती मग म्हणाली, नवं नाव आवडलं होतं. तांदळात लिहिलेलं तर फारच. "फक्त मला वाटलं, आत्यांना माझं नाव आवडलं न्हाय."

मी लसणाच्या पाकळ्या हातात घेऊन उगाच सोलत राहिले. मग तिनं विचारलं, तुमचं नाव काय होतं? मी माझं नाव सांगितलं, सगळे ओळखतात ते. ती म्हणाली, हे न्हाय. आधीचं.

एक्केचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कुणी? माझं नावही तांदळात बदललेलं. थोरल्या जाऊबाईंचं नाव आणि माझं माहेरचं नाव एकच होतं. एका घरात एकाच नावाच्या दोघी कशा, म्हणून सासूबाईंनी दुसरं ठरवलं. ह्यांनी अंगठीनं लिहिलं, तेही ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून, आणि मी त्या ताटाकडं बघत नुसती बसून राहिले. नोकरीला लागताना शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि लग्नानंतर दुसरं, म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यानंतर माहेरचं नाव एका ट्रंकेत, दाखल्याच्या घडीत. आई गेली तेव्हा ते नाव हक्कानं घेणारं शेवटचं माणूस गेलं. भाऊ अक्का म्हणतो. ह्यांनी तर 'अगं ऐकलंस का' याच्यापुढं कधी मजलच मारली नाही. नाव बदललं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. हे सगळं मी तिला त्या संध्याकाळी सांगितलं. आणि सांगताना माझ्या लक्षात आलं, की स्वतःला दुखलेलं मी पाठ करून ठेवलं होतं आणि जसंच्या तसं पुढच्या इयत्तेला शिकवलं होतं.

माझं माहेरचं नाव तिनं एकदाच म्हटलं, सावकाश. पहिल्या फटक्यात बरोबर.

दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीत वर्ग भरवला. फेरचौकशी कधी होईल ते सांगितलेलं नव्हतं, म्हणून अभ्यासक्रम लवकर संपवायचा होता. चाचांना मी नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ते त्यांनी आरशाला चिकटवलं आणि ट्रायल द्यायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते मोठ्यानं वाचू लागलं. कोपऱ्यावरच्या तालमीतल्या पोरांनी त्याची घोषणाच केली. पेठेतला फुटबॉल सामना जिंकल्यावर देतात तशी. त्यांना मी गप्प केलं. सगळ्यात मठ्ठ विद्यार्थिनी मावशी असणार असं मी धरून चालले होते. त्यांनी नाव ऐकलं, तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि एका दमात, मधे स्वर न घालता, म्हणून टाकलं. मी थक्क झाले. त्या म्हणाल्या, यात काय अवघड आहे, म्हशीला मागं सरकवताना त्या असलाच आवाज काढतात. सूनबाई हसून हसून गोठ्याच्या दारात बसली. तिच्या आजीवरनं ठेवलेलं नाव ते. पण तिला राग आला नाही. म्हशी तिला आवडतात.

बुधवारी हवालदार आले. त्या दिवशी आम्ही सगळे घरात. मुलानं रजा काढली होती. हवालदार चहा नको म्हणाले, मग घेतला. चाचा आणि मावशी बोलावण्याची वाट न बघता येऊन दारात उभे. हवालदारांनी कागद काढला आणि या घरात कोण कोण राहतं विचारलं. तर चाचा, मावशी, दारातली तालमीतली चार पोरं, सगळ्यांनी एका सुरात तिचं नाव आणि आडनाव खणखणीत म्हणून दाखवलं. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात म्हणतात तसं.

हवालदारांचा कप ओठापाशी थांबला. गेल्या मंगळवारी यांतल्या एकालाही हे नाव माहीत नव्हतं. आता अख्खी गल्ली पाठ म्हणते. त्यांना संशय आला नसता तरच नवल. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत विचारलं, "काकू, हे तुम्ही पढवलंय काय?"

खोटं बोलता येईना. म्हटलं, होय, पढवलंय. मास्तरीण आहे, तेच येतं मला. आणि मग सगळं सांगितलं. तांदूळ, अंगठी, पेढे. चाचांनी मापांची वही उघडून दाखवली. दोन वर्षांतले बारा ब्लाऊज तारखेवार. हवालदारांनी वही पाहिली. हे ठीक आहे, म्हणाले, पण वहीत एक नाव, पासपोर्टावर दुसरं. दोन्ही बायका एकच, हे कागदावर कसं ठरवायचं? दोन नावं असली की आमच्याकडं 'ऊर्फ' लावतात. ऊर्फ ऐकून मी उसळले. ऊर्फ चोरांना लावतात, माझ्या सुनेला नाही. मुलानं मला डोळ्यांनी गप्प बसवलं. खरं सांगते, त्या क्षणी मी घाबरले होते. माझ्याच हट्टानं झालेलं हे, आणि माझ्याच तोंडानं आणखी बिघडणार असं वाटलं.

सून स्वयंपाकघरात पोहे करत होती. तेव्हा मावशी दारातनं आत आल्या.

"साहेब, हाक मारून बघा की," त्या म्हणाल्या. "ज्या नावाला ओ देती, ती तीच."

हवालदार मग खाकरले आणि कागदावर बघून, अक्षर अक्षर जुळवत त्यांनी मोठ्यानं हाक मारली. माझ्यापेक्षा बरा उच्चार होता.

"ओ," आतनं आलं.

मग मावशींनी तांदळातल्या नावानं हाक मारली, गोठ्यातनं मारतात त्याच आवाजात.

"आलो की मावशी, पोहं लागत्यात बुडाला."

हवालदार हसले. नुसते हसले नाहीत, खांदे हलवून हसले. मलकापूरकडचं माणूस, त्यांच्याही कानाला ते बोलणं ओळखीचं असणार. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, कुठल्या गावच्या तुम्ही. तिनं तिच्या गावाचं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, लांब हाय. त्यांनी पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, घरातली तिची खोली पाहिली. मग माझा जबाब घेतला. 'नमूद महिला माझी सून असून लग्नानंतर घरगुती प्रथेप्रमाणे तिला दुसऱ्या नावाने ओळखतात, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.' ऊर्फ टाळला त्यांनी. मी सही केली. चौतीस वर्षं सह्या केल्या, पण सही करण्याआधी मजकूर दोनदा वाचला तो हाच. जाताना हवालदार म्हणाले, दुसऱ्यांदा यायला लागलं पण पोहे चांगले होते.

परवान्याला चार दिवस उरले असताना मुलाच्या फोनवर संदेश आला. मुदतवाढ मंजूर. तो दवाखान्यातनं ओरडूनच सांगत होता म्हणे. एक पेशंट दचकला. आमच्या घरी ह्यांनी लगेच पेढे आणायला पिशवी उचलली. मी म्हटलं, थांबा, या वेळी पेढ्यांबरोबर काय सांगायचं ते मी ठरवते. मी घरोघरी गेले. प्रत्येक दारात तिचं नाव घेतलं, आजीवरनं आलेलं, जोडाक्षरासकट. बहुतेकांनी मलाच दुरुस्त केलं. अजून मी घाईत असले की मधे स्वर घालते. गल्लीनं मात्र दोन्ही नावं ठेवून घेतली. चाचांच्या वहीत आता दोन्ही आहेत, मधे आडवी रेघ. तिला विचारलं, कुठल्या नावानं हाक मारू? ती म्हणाली, जे तोंडात येईल ते, मी ओ देतो.

परवान्याची छापील प्रत काढायला ती स्वतः गेली. मी पाठीमागच्या अंगणात लाल मिरच्या उन्हात पसरत होते. हे पेपर वाचत पायरीवर बसलेले. फाटक वाजलं आणि तिनं तिथनंच हाक मारली. माझं नाव घेऊन. सगळे ओळखतात ते नाही. ट्रंकेतलं, दाखल्यावरचं, आईच्या तोंडचं. सासूला नुसत्या नावानं हाक मारायची नसते हे आता तिला कळतं, म्हणून पुढं 'आत्या' जोडलं होतं.

"ओ," मी म्हटलं. तोंडातनं निघून गेल्यावर मला कळलं. हातातल्या मिरच्या तशाच राहिल्या.

ह्यांनी पेपर खाली केला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"कुणाला हाक मारली गं तिनं?"

"मला," मी म्हटलं.